आत्याबाईंच्या मंगलाष्टका गोंगाटात हरवल्यात, परत मिळतील का?

प्रश्न: तालुक्याच्या गावी आमचा फोटो स्टुडिओ आहे. आधी वडील शूटिंग करायचे, आता मी आणि चुलतभाऊ मिळून लग्नं, मुंजी, साखरपुडे करतो. एडिटिंग एडियसवर. मे महिन्यात एक मोठं लग्न केलं. चित्र सुरेख आलंय, ड्रोनही छान आहे, पण आवाजाने घात केला. नवरीच्या आत्याने स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हटल्या होत्या, घरातल्या सगळ्यांची नावं गुंफून. कॅमेऱ्याच्या माइकवर नुसते पंखे आणि माणसं ऐकू येतात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरला लाइन घेतली होती, ती फाटली आहे. पार्टी म्हणते, बाकी सगळं ठीक, पण आत्याचा एक शब्द कळत नाही. राहिलेले पैसेही त्यावरच अडकलेत. कोणतं सॉफ्टवेअर किंवा प्लगइन घेऊ? एआयने सगळं होतं म्हणतात, ते खरं का? आणि पुढच्या सीझनला काय काळजी घ्यायची?
– एक स्टुडिओवाला, धाराशिव जिल्हा

उत्तर: सॉफ्टवेअर आत्ता काहीच घेऊ नका. त्या पैशांत काय घ्यायचं ते शेवटाकडे सांगतो. आधी हे लग्न मार्गी लावू.

पहिलं काम संगणकावर नाही, फोनवर आहे. पार्टीच्या घरी विचारा की आत्या म्हणत असताना मोबाइल कोणी कोणी धरला होता. आत्या स्वतःच्या मंगलाष्टका म्हणतेय आणि तिच्या लेकीने, सुनेने, भाचीने रेकॉर्ड केलं नाही, असं आपल्याकडे होत नाही. तुमचा कॅमेरा ट्रायपॉडवर पंधराएक मीटर मागे, आणि भाची आत्याच्या कोपराला खेटून उभी. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. पंधरा मीटरऐवजी दोन मीटरवर उभं राहिलं तर १७-१८ डेसिबलचा फरक पडतो, आणि हॉलमधल्या पंख्यांचा आवाज मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच असतो. एवढं अंतर कोणतंही प्लगइन भरून देत नाही. तुमचा कॅमेरा दोन लाखांचा असेल, पण या एका बाबतीत भाचीचा पंधरा हजारांचा फोन त्याला भारी पडतो.

क्लिप मागवताना एक सांगा: व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं, आवाजासकट. आलेल्या फाइलमधून फक्त आवाज वेव्ह फाइल म्हणून काढून घ्या, ४८ किलोहर्ट्झवर. त्यातलं चित्रही वापरायचं असेल तर लक्षात ठेवा, मोबाइलचा फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून तो आधी स्थिर २५ करून घ्या, नाहीतर पाच मिनिटांनी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे.

आता फाटलेल्या लाइनकडे. ‘फाटलेली’ म्हणजे नक्की कुठे फाटली, ते आधी बघायला हवं. वेव्हफॉर्म इतका मोठा करा की एकेक लाट दिसेल. लाटांची शेंडी विळीवर कापल्यासारखी सपाट असेल, तर आवाज बहुधा तुमच्या रेकॉर्डरच्या तोंडाशी फाटलाय. मिक्सरमधून लाइन लेव्हल (जोरदार सिग्नल) आली आणि रेकॉर्डरचं इनपुट माइक लेव्हलवर (अगदी बारीक सिग्नलसाठीच्या) राहिलं, की हे असंच होतं. दोन्हींत सहज ४०-५० डेसिबलचा फरक असतो. अशा सपाट शेंड्यांवर डी-क्लिप चालतं. ऑडॅसिटीत ‘क्लिप फिक्स’ फुकट मिळतं, आयझोटोपच्या आरएक्समधलं जास्त चांगलं आहे. ते कापलेला भाग आजूबाजूच्या लाटेवरून अंदाजाने भरून काढतं. थोडं कापलेलं असेल तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. प्रत्येक लाट अर्ध्यावर कापलेली असेल तर कर्कशपणा कमी होईल, जाणार नाही. पण लाटा गोल दिसतायत आणि तरी आवाज चिरका आहे, असं असेल तर तो तुमच्यापर्यंत येण्याआधीच, मिक्सरमध्ये किंवा माइकमध्येच फाटलाय. आत्यांनी माइक ओठाला लावला आणि साउंडवाल्याने गेन (माइकचा आवाज वाढवायची चकती) चढवलेला होता, एवढं पुरतं. तिथे डी-क्लिप लावण्यात वेळ घालवू नका.

तरीही ती लाइन फेकू नका. फाटलेल्या आवाजातही च, स, ट, क ही व्यंजनं टिकून असतात, आणि शब्द कळतो तो व्यंजनांवर. भाचीच्या फोनवरून आत्यांचा गळा घ्या, त्याखाली मिक्सरची लाइन अगदी हळू ठेवा, ४०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून. शब्दांना धार येईल. कॅमेऱ्याचा आवाज सगळ्यांत खाली, हॉल भरलेला वाटावा इतकाच.

हे तीन थर एकमेकांवर बसवताना एक हिशेब लक्षात असू द्या. मे महिन्याच्या उन्हात आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे दर १४ मीटरला आवाज एक फ्रेम मागे पडतो. मिक्सरच्या लाइनला हे अंतर नसतंच, ती वायरीतून लगेच येते. म्हणून वेव्हफॉर्म बघून आपोआप सिंक केलं तरी लाइन आणि कॅमेरा यांच्यात फ्रेमभराची फट राहू शकते आणि शब्द विहिरीतून आल्यासारखा दुहेरी ऐकू येतो. एडियसच्या टाइमलाइनवर एका फ्रेमपेक्षा बारीक सरकवायला अडचण येत असेल तर हे काम दाविंची रिझॉल्व्हच्या फेअरलाइट पानावर करा. ते फुकट आहे आणि तिथे फ्रेमच्या आतही सरकवता येतं. ‘सावधान’ नंतरची पहिली टाळी किंवा माइकवरचा एखादा ‘प’ धरून जुळवा. एकदा जुळवलं म्हणून निर्धास्त राहू नका. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी कधीच चालत नाहीत, तासाभरात काही फ्रेमची तफावत सहज पडते. प्रत्येक अष्टकाच्या आधी कट मारून नव्याने जुळवलं की प्रश्न मिटतो.

कॅमेऱ्याच्या ट्रॅकमध्ये तुम्हाला आणखी एक गंमत दिसेल. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ झालं, वाजंत्री सुरू झाली, टाळ्या पडल्या, आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याने स्वतःहून आवाज खाली ओढला. गलका ओसरल्यावर गुरुजी ‘आता माळ घाला’ म्हणाले ते पाच-सहा सेकंद जवळपास गायब, मग पंख्यांची घरघर हळूहळू फुगत वर आली. ही ऑटो गेनची करामत. त्यावर कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारं साधन) लावाल तर प्रकरण आणखी बिघडेल. इथे हातानेच काम करायचं: आवाज बुडालाय तिथे व्हॉल्यूमची रेघ वर, घरघर फुगलीय तिथे खाली. दहा मिनिटांच्या पट्ट्याला तास-दीड तास जातो. कंटाळवाणं आहे, पण मी सांगतोय त्या सगळ्यात सर्वांत जास्त फरक याच कामाने पडतो.

साफसफाईचा क्रम आता सांगतो, कारण तो चुकला तर आधीचं काम वाया जातं. आधी फाटलेलं जुळवायचं, मग वीजेची घूं काढायची, मग पंख्यांचा आवाज, मग इक्वलायझर, आणि कॉम्प्रेसर सगळ्यांत शेवटी. कॉम्प्रेसर बारीक आवाज वर आणतो. तो आधी लावलात तर पंखेही वर येतील आणि मग तेच काढत बसाल.

वीजेची घूं आपल्याकडे ५० हर्ट्झची असते, तिचे भाऊबंद १००, १५०, २०० वर. बाहेरून आलेल्या पुष्कळ प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) ती ६० धरलेली असते, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. प्रीसेट तसाच लावून ‘डी-हम चालत नाही’ म्हणणारे एडिटर मी पुष्कळ पाहिलेत. आकडा बदला, चालतं. कार्यालयात मधेच लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला असेल तर मात्र ५० चा आकडा थोडा इकडेतिकडे सरकतो. तेवढ्या तुकड्याला वेगळं सेटिंग द्या.

पंख्यांसाठी नॉइज रिडक्शनला नुसत्या पंख्यांचा नमुना लागतो, सेकंदभराचा पुरतो. लग्नाच्या हॉलमध्ये निवांत सेकंद कुठून आणणार? तो तुमच्याकडे असतो: सकाळी डेकोरेशनचे, रांगोळीचे, चौरंगाचे शॉट घेतलेत ना, तेव्हा पंखे चालू होते आणि माणसं नव्हती. त्याच कॅमेऱ्यावरचा तुकडा घ्या. ऑटो गेन चालू असल्याने त्याची पातळी वेगळी असेल. आधी ती मंगलाष्टकांच्या वेळच्या घरघरीइतकी करून घ्या आणि मग नमुना द्या. कमी किती करायचं? ६ ते १० डेसिबल, त्यापुढे जाऊ नका. एडिटर लोक हेडफोन लावून पंखा पूर्ण मरेपर्यंत चकती फिरवतात आणि मग आत्या पाण्याखालून गायल्यासारखी वाटते. पंखा थोडा राहू द्या. लग्न मे महिन्यात झालंय, पंखा असणारच, बघणाऱ्याला तो खटकत नाही. खटकतो तो मधेच बंद-चालू होणारा पंखा. म्हणून सगळ्या पट्ट्याखाली तीच हलकी घरघर सलग पसरून ठेवा.

इक्वलायझरचं थोडक्यात. बाईचा आवाज आहे, गाताना तो २०० हर्ट्झच्या खाली फारसा जात नाही, तेव्हा १३०-१५० च्या खालचं सगळं निर्धास्त कापा. हॉलची घुमघुम २५० ते ४०० च्या दरम्यान साठते, तिथून तीन-चार डेसिबल काढा. २ ते ४ किलोहर्ट्झवर दोन-तीन डेसिबल द्या, शब्द पुढे येतात. माइकने मधेच कुंईऽऽ केलं असेल तर अरुंद खाच मारून ती नेमकी शिट्टी शोधा आणि तेवढीच कापा.

आता एआय. बोलण्याच्या बाबतीत ते खरंच कामाचं आहे. प्रीमियरमधलं एन्हान्स स्पीच, रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतलं व्हॉइस आयसोलेशन, अ‍ॅडोबीचं पॉडकास्टवालं वेबवरचं साधन: वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, मित्रांची भाषणं, यांवर लावा, छान निघतात. पण ही साधनं बोलण्यासाठी घडवलेली आहेत. मंगलाष्टका गायच्या असतात. ओळीच्या शेवटी ओढलेला सूर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकतात. मागची सनई तर गेलीच म्हणून समजा. आणखी वाईट म्हणजे आवाज फार बुडालेला असेल तर काही साधनं तिथे स्वतःच अक्षर रचतात, जे आत्यांनी म्हटलंच नव्हतं. अष्टकात घरच्यांची नावं आहेत. ‘सुमन’चं ‘सुमित’ झालेलं पार्टीला कळणार नाही असं वाटतं का? म्हणून मंगलाष्टकांवर एआय लावायचंच असेल तर मूळ आवाजात तीस-चाळीस टक्के मिसळा, पूर्ण नको, आणि आत्यांकडून कागद मागवून शब्द न शब्द ताडून पाहा. तो कागद त्यांनी जपून ठेवलेला असणार, कदाचित लॅमिनेट करूनही.

त्या कागदाचा दुसराही उपयोग आहे. अष्टकांचे शब्द स्क्रीनखाली द्या. वाचायला शब्द समोर असला की कान तो अर्धवट आवाजातूनही उचलतो. पार्टीला ती सजावट वाटेल, तुमचा अर्धा प्रश्न सुटलेला असेल. अक्षरं मात्र नीट वळणाची घ्या आणि शुद्धलेखन आत्यांकडूनच तपासून घ्या.

एवढं करूनही एखाद-दुसरं अष्टक हातचं गेलं असेल, तर ते पुन्हा म्हणवून घ्या. ही फसवणूक नाही, मात्र घरच्यांना सांगून करा. आत्यांच्या घरी जा. गाद्या-रजया रचलेली खोली निवडा, पंखा बंद, फ्रिजची घरघर येत असेल तर दहा मिनिटं तोही बंद. माइक किंवा फोन वीतभर-हातभर अंतरावर, तोंडासमोर थेट न धरता थोडा बाजूला. आत्यांच्या एका कानात लग्नातलं मूळ रेकॉर्डिंग द्या, म्हणजे पट्टी आणि लय तीच राहील. नाहीतर घरी बसून म्हटलेलं हमखास खालच्या पट्टीत आणि सावकाश होतं. बहुतेक मंगलाष्टका शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: १९ अक्षरांची ओळ, १२ व्या अक्षरानंतर यती. गाणारा माणूस त्या यतीवर बारीक थांबतोच. तुम्हाला सरकवायला, ताणायला, कट मारायला आयती जागा मिळते. ओळ सलग ताणण्यापेक्षा यतीवर तोडून दोन तुकडे वेगवेगळे बसवा. चित्रात आत्यांचे ओठ पहिल्या ओळीला दाखवा, तिथे शक्यतो मूळ आवाज ठेवा; पुढे अंतरपाट, मुलीचा खाली घातलेला चेहरा, अक्षता घेऊन उभे असलेले पाहुणे, मामा. नव्या आवाजाखाली मूळ हॉलचा आवाज १२ डेसिबल खाली चालू ठेवा आणि नव्यावर हॉलइतकी घुम चढवा, म्हणजे तो खोलीतला वाटणार नाही.

आता जरा रागवू द्या. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हायलाइटमध्ये मंगलाष्टकांवर एखादं सिनेमाचं गाणं टाकलेलं असणार. जवळजवळ सगळेच टाकतात. आवाज खराब आहे म्हणून गाणं टाकायचं आणि गाणं टाकायचंच आहे म्हणून आवाजाकडे बघायचं नाही, असं हे चक्र चालू राहतं. तीन मिनिटांच्या हायलाइटला गाणं ठीक. पण पूर्ण फिल्ममध्ये मंगलाष्टका, सप्तपदीचे मंत्र, उखाणे आणि पाठवणी या चार जागा गाण्याला देऊ नका. उखाण्यात तर सगळा खेळ शेवटच्या नावाचा असतो. ते नाव येतं आणि लगेच हशा फुटतो. नावाच्या अक्षरांवर दोन-तीन डेसिबल चढवा, हशा तितकाच खाली घ्या, आणि हशा संपण्याआधी कट मारू नका. पाठवणीला रडण्याचा, गाडीच्या दाराचा, ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणणाऱ्या आईचा आवाज आहे तसा राहू द्या. दहा वर्षांनी त्या घरचे लोक हेच ऐकायला फिल्म लावतील. ते गाणं त्यांना कुठेही मिळेल. शिवाय लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे ती त्या समारंभात वाजवण्यापुरती. तेच गाणं फिल्मला जोडून यूट्यूबवर टाकलं की कंटेंट आयडी (गाणी ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) पकडणार आणि पार्टीचा फोन तुम्हालाच येणार.

शेवटची पातळी लावताना यूट्यूबसाठी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजायचं माप) धरा आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. यूट्यूब त्याहून मोठ्या आवाजाला खाली आणतं, पण बारीक आवाजाला वर उचलत नाही, म्हणून दबक्या आवाजातली फिल्म दबकीच राहते. पेनड्राइव्हलाही हीच पातळी चालते. फक्त वाजंत्री आणि मंत्र यांच्यातली दरी कमी करा, नाहीतर आजोबा रिमोट हातातून सोडणार नाहीत. फिल्म एकदा टीव्हीवर आणि एकदा साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. मोबाइलवर आत्यांचा आवाज अचानक पातळ झाला तर कुठलातरी थर उलट्या फेजमध्ये, म्हणजे लाटा उलट्या होऊन, बसलाय. आणि लाइन फक्त डाव्या कानात येत असेल तर ती मोनो करून मध्यावर आणा. इतकी साधी गोष्ट, पण एका कानात गुरुजी आणि दुसऱ्या कानात शांतता अशा फिल्म आजही घरोघरी पोचतायत.

पुढच्या सीझनसाठी. प्लगइनचे पैसे एका छोट्या रेकॉर्डरमध्ये आणि दोन कॉलर माइकमध्ये घाला. ३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर परवडला तर घ्या, त्यात पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. पण मिक्सरमध्येच फाटलेला आवाज तो फाटलेलाच नोंदवेल, हेही लक्षात ठेवा. साधा २४ बिटचा असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असं लावा. कॅमेऱ्यातला ऑटो गेन बंद.

एक कॉलर माइक गुरुजींच्या उपरण्याला, पण उपरण्याच्या घडीत नको, घासतं. दुसरा नवऱ्या मुलाला. नवरीला लावू नका: हिरवा चुडा, दागिने, शालूची जर, सगळं माइकवर वाजतं. नवऱ्याच्या माइकवर तिचं बोलणं पुरेसं येतं. फक्त मुंडावळ्यांच्या लडी माइकवर आपटत नाहीत ना, ते बघा. वायरलेस असेल तर गर्दी जमल्यावर सिग्नल तुटतो, कारण हे बहुतेक माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तिथेच हॉलचं वायफाय आणि पाहुण्यांचे ब्लूटूथ असतं. त्यात माणसांची शरीरं तो सिग्नल शोषतात. रिसिव्हर डोक्यांच्या वर राहील असा लावा आणि ज्याच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होतं तो घ्या.

मंगलाष्टका म्हणणाऱ्यांना मात्र यातलं काही लावता येत नाही, कारण कोण म्हणणार हे ऐनवेळी ठरतं. एक आत्या, मग एक काका, मग शेजारच्या ताई. ते सगळे एकाच माइकवर म्हणतात. मग त्या माइकलाच छोटा रेकॉर्डर चिकटपट्टीने बांधा, किंवा स्टँड असेल तर स्टँडला. हॉलचा स्पीकर फाटो, मिक्सर फाटो, तुमच्याकडे वीतभर अंतरावरचा स्वच्छ आवाज राहतो. मला विचाराल तर लग्नाच्या शूटिंगमध्ये यासारखा स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

मिक्सरची लाइन घ्यायचीच, पण साउंडवाल्याशी आदल्या दिवशी बोलून. अक्षता पडायच्या पाच मिनिटं आधी वायर घेऊन त्याच्यापाशी गेलात तर तो मिळेल त्या भोकात खुपसणार. त्याला रेक आउट (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) किंवा ऑक्स (मिक्सरमधून वेगळी काढलेली लाइन) मागा, आणि ऑक्स असेल तर फेडरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीच्या, आधीची म्हणा. फेडरनंतरची घेतलीत तर माइकने शिट्टी मारल्यावर तो फेडर खाली ओढेल आणि तुमचं रेकॉर्डिंगही खाली जाईल. रेकॉर्डरचं इनपुट लाइनवर ठेवा. तशी सोय नसेल तर मधे सिग्नल कमी करणारी अ‍ॅटेन्युएटरवाली केबल घाला. घूं आली तर मधे दोन्ही यंत्रांची वीजजोडणी वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. आणि साउंडवाल्याला जेवणाच्या पंगतीत तुमच्या शेजारी बसवा, पुढच्या दहा लग्नांची लाइन तो स्वतः काढून ठेवील.

राहिले अडकलेले पैसे. सगळी फिल्म पुन्हा रेंडर करत बसू नका. फक्त मंगलाष्टकांचा दहा मिनिटांचा तुकडा तयार करा, खाली शब्द दिलेले, आणि लिंक न पाठवता पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी जा. आत्यांनाही बोलवायला सांगा. टीव्हीवर लावा. कुठलं नाव चुकलं, कुठली ओळ बुडाली, हे त्या तिथल्या तिथे सांगतील, ते कागदावर टिपून घ्या. पुन्हा म्हणवून घ्यायचं असेल तर तो विषयही तिथेच काढा. रजया त्यांच्या घरच्याच वापरता येतील.